लेशमूलद्रव्ये, मूत्रपिंड आणि रुग्णाची स्मृती

प्रौढ माणसाच्या शरीरातील सारे लोह एकत्र केले, तर ते तीन-चार ग्रॅमच भरेल. त्यातून एखादा लहानसा खिळा घडवता येईल. जस्त त्याच्या सुमारे निम्मे. तांबे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास, आणि सेलेनियम तर वीस मिलिग्रॅमहूनही कमी. या द्रव्यांना लेशमूलद्रव्ये म्हणतात ते त्यांच्या या अत्यल्प प्रमाणामुळे. परंतु प्रमाण अल्प म्हणून कार्यही अल्प, असे समजण्याचे कारण नाही. शरीरातील शेकडो विकरे आपले काम या मूलद्रव्यांच्या आधारानेच करतात. दुसरीकडे ॲल्युमिनियमसारखी काही द्रव्ये अशी आहेत, की ज्यांचा शरीराला कसलाही उपयोग असल्याचे आढळलेले नाही. ती अन्नपाण्यातून येतात आणि निरोगी माणसाच्या शरीरातून निमूटपणे निघून जातात.

हवे ते ठेवावयाचे आणि नको ते बाहेर टाकावयाचे, या निवाड्याचा मोठा भाग मूत्रपिंडांकडे असतो. ती निकामी झाली म्हणजे हा निवाडा बिघडतो, आणि त्याचा परिणाम रुग्णाच्या स्मरणशक्तीपर्यंत व विचारशक्तीपर्यंत कसा जाऊन पोचतो, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. विषयाला दोन बाजू आहेत. नको असलेले द्रव्य आत शिरण्याची बाजू सिद्ध झालेली आहे आणि तिची मोठी किंमत रुग्णांनी मोजलेली आहे. हवे असलेले द्रव्य कमी पडण्याची बाजू मात्र अद्याप पुरती सिद्ध व्हावयाची आहे. या दोहोंतील फरक श्रोत्यांनी आरंभापासूनच ध्यानात ठेवावा. कारण शक्तिवर्धक गोळ्यांच्या बाटलीवर तो छापलेला नसतो.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातील बहुतेक सगळा परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर मूत्र तेवढे बाहेर सोडतात. हे काम यंत्राकडून करवून घेण्याचा उद्योग विलेम कोल्फ या डच डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ मध्ये, नेदर्लंड्समधील काम्पेन या गावी आरंभला. सॉसेजच्या आवरणासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी त्यांनी लाकडी पिंपाभोवती गुंडाळली होती. १९४५ मध्ये या यंत्रावर उपचार झालेली ६७ वर्षांची एक स्त्री वाचली. तथापि दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागत असल्याने हा उपचार काही थोड्या दिवसांपुरताच करता येई. ती अडचण १९६० मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी दूर केली. त्यांनी रुग्णाच्या हातात टेफ्लॉनची नळी कायमची बसवून ठेवली. क्लाइड शील्ड्स हा त्यांचा पहिला दीर्घकालीन रुग्ण त्यानंतर अकरा वर्षे जगला. अपोहन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले डायलिसिस, ही येथून पुढे वर्षानुवर्षे चालणारी गोष्ट झाली. आणि जे दोष चार दिवसांत दिसण्याजोगे नव्हते ते दिसू लागले.

त्यांचे मूळ समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. डायलिसिसमध्ये एका पातळ पटलाच्या एका बाजूने रक्त वाहते आणि दुसऱ्या बाजूने पाण्यात ठरावीक क्षार विरघळवून तयार केलेला द्रव वाहतो. द्रवाची गती मिनिटाला अर्धा लिटर धरली, तर चार तासांत १२० लिटर होतात; आठवड्यातून तीन वेळा म्हणजे ३६० लिटर. निरोगी माणूस आठवडाभरात पंधरा-वीस लिटर पाणी पितो. शिवाय पिणाऱ्याच्या वाटेवर दोन पहारे असतात. आतड्यातून ॲल्युमिनियमचा शंभरावा हिस्साही सहसा रक्तात जात नाही, आणि जो जातो तो मूत्रपिंडे बाहेर टाकतात. डायलिसिसवरील रुग्णाच्या बाबतीत हे दोन्ही पहारे उठलेले असतात. त्यात आणखी एक गोम आहे. रक्तातील ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन लोह वाहून नेते; तेच ॲल्युमिनियमलाही पकडते. एकदा पकडलेले ॲल्युमिनियम पटलातून मागे फिरू शकत नाही. म्हणून द्रवात त्याचे प्रमाण अगदी नाममात्र असले, तरी ओघ रक्ताच्या दिशेनेच चालू राहतो. प्रारंभीच्या वर्षांत हे पाणी पुष्कळ ठिकाणी शहराच्या नळाचेच असे. फार तर त्याची कठिणता कमी केली जाई.

१९७२ मध्ये अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर येथून ॲलन आल्फ्री आणि त्यांचे सहकारी यांनी एका अपरिचित विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. रुग्ण दीर्घ काळ डायलिसिस घेत असलेले होते. प्रथम त्यांचे बोलणे अडखळू लागे. शब्द ठाऊक असे, पण तो जिभेवर येत नसे. आला तर तुटक येई. डायलिसिस आटोपल्यानंतर हा दोष अधिक जाणवे, मग काही वेळाने ओसरे. पुढे हातापायांना अवचित हिसके बसू लागत, आकडी येई, ओळखीच्या हालचाली जमेनाशा होत, आणि अखेर माणूस आप्तांनाही ओळखेनासा होई. मेंदूच्या विद्युत्-आलेखात संथ व उंच लहरींचे झोत दिसत. डायझेपाम टोचले म्हणजे काही वेळ वाचा मोकळी होई, आलेखही सुधारे. जवळच्या माणसांना हुरूप येई. पण तो टिकत नसे. बहुतेक रुग्ण लक्षणे दिसू लागल्यापासून वर्षाच्या आत दगावले.

पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, शिकागोहून याच विकाराविषयीचा एक लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षकच ‘डायलिसिसजन्य स्मृतिभ्रंश’ अशा अर्थाचे होते. लेखकांच्या यादीतील पहिले नाव एस. डी. महूरकर यांचे आहे. मराठी वाचकाला हे आडनाव परके वाटणार नाही. पुढे दुहेरी पोकळीचा जो कॅथेटर महूरकर यांच्या नावाने जगभरच्या डायलिसिस कक्षांत पोचला, तो याच डॉक्टरांचा. विकाराला नाव मिळाले, परंतु कारण मिळाले नाही. रक्तातील विषारी द्रव्ये पुरेशी निघत नसावीत, असा तर्क अशा वेळी साहजिकच मनात येतो. आणि त्यावरचा उपाय म्हणजे डायलिसिसचे तास वाढवणे. तास वाढवले की पाणीही वाढे. उपचार जितका कसून करावा तितका अपाय वाढावा, असा हा विलक्षण पेच होता.

१९७६ मध्ये आल्फ्री व सहकाऱ्यांनी मृत रुग्णांच्या मेंदूतील धूसर भागाचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार नव्हता, अशांच्या मेंदूत दर किलोग्रॅम शुष्क वजनामागे सरासरी २.२ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम आढळले. डायलिसिस घेत असताना अन्य कारणांनी मरण पावलेल्यांच्या मेंदूत ते ६.५ मिलिग्रॅम होते. आणि ज्यांची वाचा व स्मृती गेली होती, त्यांच्या मेंदूत ते होते २५ मिलिग्रॅम.

आता प्रश्न राहिला तो हे ॲल्युमिनियम आले कोठून, हा. डेन्व्हरच्या संशोधकांचा संशय औषधावर होता. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तात फॉस्फेट साचते. ते आतड्यातच अडवावे म्हणून रुग्णांना जेवणाबरोबर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड देत असत, तेही वर्षानुवर्षे आणि भरपूर प्रमाणात. संशय रास्त होता. परंतु हे औषध तर सर्वत्र दिले जात होते. मग काही शहरांतच रुग्णांची रांग लागावी आणि दुसऱ्या शहरांत एकही नसावा, याचा उलगडा त्यातून होत नव्हता.

तो उलगडा ब्रिटनमध्ये झाला. शेफील्डच्या डॉक्टरांनी घरी डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांचे घरचे पाणी तपासले; आणि ज्यांची हाडे विनाकारण मोडत होती वा बुद्धी ढासळत होती, त्यांच्या पाण्याचा घटकांशी मेळ घालून पाहिला. हा अभ्यास १९७७ चा. न्यूकॅसल येथे १९७८ मध्ये हाडांच्या याच विकाराचे कारण पाण्यावाटे येते, आणि ते बहुधा ॲल्युमिनियम असावे, असा पुरावा मांडण्यात आला. १९७९ मध्ये ब्रिटनमधील १८ केंद्रांतल्या १,२९३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली आणि चित्र स्पष्ट झाले. जेथे पाण्यात ॲल्युमिनियम अधिक, तेथे मेंदूचा व हाडांचा विकार अधिक.

पाण्यात ते कसे येते, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगावयास नको. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवण्याचा प्रघात आपल्या घरोघरी होता. तुरटी हा ॲल्युमिनियमचाच क्षार. शहरांची जलशुद्धीकरण केंद्रे हेच काम ॲल्युमिनियम सल्फेटने करतात. गाळ खाली बसतो, पाणी नितळ होते आणि धातूचा काही अंश त्यात उरतो. पिणाऱ्याला त्याची बाधा होत नाही. नेदर्लंड्समधील आइंडहोव्हेन येथे तर दोष जलकेंद्राचाही नव्हता. तेथे पाणी तापवण्याच्या यंत्रणेत ॲल्युमिनियमचे ॲनोड बसवलेले होते आणि त्यांतून झिजणारा धातू रुग्णांपर्यंत जात होता. रोगाचे मूळ रुग्णाच्या देहात शोधणाऱ्यांना ते अखेर नळात, बंबात आणि औषधाच्या बाटलीत सापडले.

कारण सापडल्यावर उपाय फारसा गूढ राहिला नाही. आयन-विनिमयाने आणि पुढे उलट परासरणाने, म्हणजे ज्याला आज घरोघरी आर. ओ. म्हणतात त्या रीतीने, पाणी शुद्ध करून वापरण्यास सुरुवात झाली. डायलिसिसच्या पाण्यात ॲल्युमिनियम लिटरला १० मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये, असे प्रमाण ठरले. तुलनेसाठी भारतीय मानक पाहावे. पिण्याच्या पाण्यात ०.०३ मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसेल तर ०.२ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. म्हणजे जे पाणी पिण्यास कायदेशीर रीतीने योग्य, त्यात डायलिसिसच्या मर्यादेच्या वीस पट ॲल्युमिनियम असू शकते. शरीरात साठलेला धातू बाहेर काढण्यासाठी डेस्फेरिऑक्सॅमिन हे मुळात लोहाधिक्यावरचे औषध उपयोगी पडते, हे १९८० मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी दाखवले. तेही निर्धोक नव्हे. त्याच्या वापराने डायलिसिसच्या रुग्णांत म्यूकरमायकोसिस हा प्राणघातक बुरशीजन्य रोग बळावल्याचे पुढे आढळून आले.

एवढ्यावर प्रकरण मिटले, असे वाटत असतानाच १९९६ मध्ये कॅरिबियन समुद्रातील क्युरासाओ बेटावर ते पुन्हा उघडले. या बेटावर समुद्राचे पाणी गोडे करून पुरवले जाते. असे पाणी क्षारहीन असल्याने ज्या पदार्थाला स्पर्श करील तो विरघळवून घेण्याची त्याची वृत्ती असते. एका डायलिसिस केंद्राकडे जाणारी जलवाहिनी बदलण्यात आली. नव्या वाहिनीला आतून सिमेंटचा गिलावा होता. त्या सिमेंटमधील ॲल्युमिनियम पाण्यात उतरले. केंद्रातील २७ रुग्णांपैकी १० जण मेंदूच्या तीव्र विषबाधेने मरण पावले. बेटावरच्या दुसऱ्या केंद्रात काहीही झाले नाही.

भारतात २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली ही सोय जिल्हा रुग्णालयांपर्यंत नेण्यात आली. ही गोष्ट स्वागतार्ह आहे यात संशय नाही. मात्र डायलिसिस यंत्राबरोबर जलशुद्धीचा संचही तेवढ्याच काळजीने चालवावा लागतो. नदीला पूर आला की शुद्धीकरण केंद्रात तुरटीची मात्रा वाढते. उन्हाळ्यात नळाऐवजी विंधनविहिरीचे किंवा टँकरचे पाणी येते. संच तोच, पण त्यात शिरणारे पाणी दर महिन्याला निराळे. आर. ओ. ची पटले कधी बदलली आणि पाण्याचे रासायनिक पृथक्करण शेवटचे कधी झाले, हे दोन प्रश्न विचारण्याचा रुग्णाच्या नातेवाइकांना पूर्ण अधिकार आहे. ते विचारताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

औषधावाटे येणाऱ्या ॲल्युमिनियमविषयीही येथेच सांगितले पाहिजे. फॉस्फेट अडवण्यासाठी आता बहुधा कॅल्शियमचे क्षार, सेव्हेलॅमर किंवा लँथॅनम वापरतात. परंतु पोटातील आम्लावर जी पातळ औषधे चिठ्ठीवाचून मिळतात, त्यांतील अनेकांत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असते. अल्सरवरच्या सुक्रालफेटमध्येही हा धातू आहे. ही औषधे सायट्रेटबरोबर घेतली, तर ॲल्युमिनियमचे शोषण अनेक पटींनी वाढते. पाण्यात टाकताच फसफसणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत सायट्रेट असते. लिंबात तर ते निसर्गतःच आहे. जळजळ होते म्हणून आधी अँटासिड आणि मग लिंबाचे सरबत, हा साध्या माणसाला निरुपद्रवी वाटणारा क्रम मूत्रपिंडाच्या रुग्णाला घातक ठरू शकतो.

आता ॲल्युमिनियम मेंदूला अपाय करते ते कसे, याचा विचार करू, म्हणजे विषयाच्या दुसऱ्या बाजूकडे जाणारी वाट सापडेल. मेंदू शरीराच्या वजनाचा पन्नासावा भाग. पण विश्रांतीच्या स्थितीत शरीर जितका ऑक्सिजन वापरते त्याचा पाचवा हिस्सा एकट्या मेंदूला लागतो. ऑक्सिजनच्या या ज्वलनात काही ठिणग्या उडणारच. सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ही त्या ठिणग्यांची नावे. मेंदूत मेद विपुल असल्याने त्यांना पेट घेण्यास इंधनही जवळच असते. सुटे लोह मिळाले म्हणजे पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल हा अत्यंत दाहक मूलक तयार होतो. ॲल्युमिनियम स्वतः ही क्रिया करू शकत नाही. परंतु लोहाच्या हाताने होणारी ही क्रिया ते वाढवते. ठिणग्या विझवणारी यंत्रणा जेव्हा अपुरी पडते, तेव्हा त्या स्थितीला ऑक्सिडीभवनजन्य ताण असे म्हणतात.

ही विझवणारी यंत्रणा लेशमूलद्रव्यांवर उभी आहे. सुपरऑक्साइडचा बंदोबस्त करणाऱ्या एका प्रमुख विकरात तांबे व जस्त असते. पेरॉक्साइडचे पाणी करून टाकणाऱ्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराच्या केंद्रस्थानी सेलेनियम असते. आणि रक्तद्रवात फिरणारे हे विकर मुख्यतः तयार होते ते मूत्रपिंडाच्याच नलिकांत. म्हणजे मूत्रपिंड ढासळले की केवळ कचरा साचतो असे नव्हे. आग विझवणाऱ्याचे एक ठाणेही उठते. त्यात डायलिसिसच्या वेळी रक्ताचा परक्या पटलाशी संपर्क येऊन पांढऱ्या पेशी चेतवल्या जातात, क जीवनसत्त्व द्रवाबरोबर वाहून जाते, आणि रक्तक्षयावर उपाय म्हणून शिरेतून लोह द्यावे लागते. या सर्व गोष्टी अपरिहार्य आहेत, पण ताण वाढवणाऱ्या आहेत.

डायलिसिसवरील रुग्णांच्या लेशमूलद्रव्यांविषयीच्या १२८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅडमियम, क्रोमियम, तांबे, शिसे व व्हॅनेडियम यांची पातळी निरोगी माणसांहून अधिक, तर सेलेनियम, जस्त व मँगनीज यांची कमी असल्याचे दिसून आले. कमतरतेची कारणे स्वयंपाकघरातही आहेत. पोटॅशियम कमी करावे म्हणून भाज्या उकळून पाणी फेकून द्यावयाचे, डाळी व सुकामेवा बेताने, आणि भूक तर मेलेलीच. जस्त कमी झाले की चव जाते. चव गेली की जेवण कमी होते आणि जस्त आणखी घटते. तांब्याच्या आकड्याकडे मात्र सावधपणे पाहावे. शरीरात कोठेही दाह असला की तांबे वाहणारे सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन वाढते. त्यामुळे रक्तातील तांबे वाढलेले दिसणे हे पुष्कळदा दाहाचे चिन्ह असते, विषबाधेचे नव्हे.

या रुग्णांत बौद्धिक ऱ्हास किती आढळतो? अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ५५ वर्षांवरील ३३८ रुग्णांची पद्धतशीर तपासणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीव्र स्वरूपाचा ऱ्हास ३७.३ टक्के रुग्णांत होता. ज्यांची बुद्धी सर्व कसोट्यांवर पूर्ववत आढळली असे अवघे १२.७ टक्के. आणि यातली सर्वांत बोचणारी गोष्ट अशी, की रुग्णालयाच्या कागदपत्रांत अशा ऱ्हासाची नोंद होती ती केवळ २.९ टक्क्यांची. घरचे लोक म्हणतात, आजार लांबला म्हणून माणूस चिडखोर झाला, विसराळू झाला. डॉक्टर क्रिॲटिनीन पाहतात. रुग्ण स्वतः विसरतो, हेही विसरतो.

हा ऱ्हास ॲल्युमिनियमचा नव्हे. शुद्ध पाणी वापरणाऱ्या केंद्रांतही तो आढळतो. त्याची कारणे अनेक आहेत: मधुमेह, रक्तदाब, मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांचे विकार, रक्तक्षय. डायलिसिसचे सत्रही त्यात भर घालते. नेदर्लंड्समधील एका अभ्यासात, २०१८ मध्ये, १२ वृद्ध रुग्णांच्या मेंदूचा रक्तपुरवठा सत्राच्या दरम्यान सरासरी दहा टक्क्यांनी घटल्याचे मोजण्यात आले. सेलेनियम व जस्त यांची कमतरता आणि त्यातून वाढणारा ऑक्सिडीभवनजन्य ताण हे या कारणांच्या जोडीला उभे आहे, असे मानण्यास जागा आहे. ज्यांचे सेलेनियम कमी, त्यांची स्मरणशक्ती उणी, असा संबंध काही पाहण्यांत दिसतोही. परंतु जो नीट जेवत नाही त्याचे सेलेनियमही घटणार आणि प्रकृतीही खालावणार. यांपैकी कशाने काय झाले, हे अशा पाहणीतून सांगता येत नाही. ॲल्युमिनियमच्या बाबतीत पाणी बदलताच रोग हटला होता. तशी कसोटी येथे अजून उतरलेली नाही.

ब्राझीलमध्ये ८१ डायलिसिस रुग्णांना तीन महिने रोज एक ब्राझील नट खावयास देण्यात आले. या कवचफळात सेलेनियम विपुल असते. रुग्णांच्या रक्तातील सेलेनियम वाढले, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजची क्रियाशीलताही वाढली. २०१० मधील हा अभ्यास छोटा पण आशादायक म्हणावा लागेल. त्यात रुग्णांची बुद्धी मात्र तपासलेली नव्हती. उलट, अमेरिकेत ७,५४० वयस्क पुरुषांवर सेलेनियम व ई जीवनसत्त्व यांची स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी दीर्घकाळ चाचणी झाली. २०१७ मध्ये निष्कर्ष आला, की त्यांनी स्मृतिभ्रंश टळला नाही. ते पुरुष मूत्रपिंडाचे रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते आणि त्यांच्यात सेलेनियमची कमतरता आहे की नाही हे पाहूनही घेतलेले नव्हते, हे खरे. पण म्हणूनच धडा असा निघतो, की आधी मोजावे आणि उणीव असेल तेथेच भरावे.

मोजल्याविना देण्याचा धोका आपल्याच देशात दिसतो. पंजाबच्या होशियारपूर व नवांशहर या भागांत काही गावांच्या जमिनीत सेलेनियम इतके आहे, की तेथील धान्य खाणाऱ्यांचे केस गळतात आणि नखे विद्रूप होतात. चीनमध्ये याउलट स्थिती होती. तेथील केशान परगण्याच्या नावाने ओळखला जाणारा हृदयरोग सेलेनियमच्या दुर्भिक्ष्याशी निगडित आहे. दोन्ही ठिकाणचे मूत्रपिंडाचे रुग्ण एकाच गोळीने बरे होतील, हे संभवत नाही. शिवाय ज्याची मूत्रपिंडे जादा द्रव्य बाहेर टाकू शकत नाहीत, त्याच्या बाबतीत पुण्य आणि पाप यांतले अंतर फार थोडे असते. जस्ताचे तसेच. ते दीर्घकाळ अधिक मात्रेत घेतले, तर तांब्याचे शोषण अडते आणि नवाच रक्तक्षय उद्भवतो.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की डायलिसिसच्या रुग्णाची आकलनशक्ती सत्र चालू असताना सर्वांत मंद असते. सत्राच्या थोडे आधी किंवा दुसऱ्या दिवशी ती सर्वांत चांगली असते. आणि आहाराचे नियम, औषधांच्या वेळा, पाणी किती प्यावे, कोणते अँटासिड घेऊ नये, शस्त्रक्रियेला संमती आहे की नाही, हे सारे त्याला सांगितले व विचारले जाते ते बहुधा नेमके खुर्चीवर सुया टोचलेल्या असताना. कारण डॉक्टर, परिचारिका आणि आहारतज्ज्ञ यांची गाठ त्याच वेळी पडते. रुग्ण मान डोलावतो. घरी गेल्यावर त्यातले निम्मेही आठवत नाही, आणि पुढच्या खेपेला पथ्य पाळत नाही म्हणून बोलणी बसतात ती त्यालाच. अशा सूचना सुया टोचण्यापूर्वी, मराठी, कन्नड, तमिळ, जी त्याची भाषा असेल तीत, कागदावर ठळक अक्षरांत लिहून आणि घरच्या एका माणसाला जवळ बसवून द्याव्यात. स्मृतीची तपासणीही त्याच वेळी करावी. ती करावयास कागद, पेन्सिल आणि दहा मिनिटे पुरतात.